आधीचा आवाज

त्या दिवशी पहिल्यांदाच तिला नवऱ्याचा फोन काय बोलतो ते कळलं. इतकी वर्षं तो फोन घरात बोलत आला होता, दाढीच्या वेळी बेसिनपाशी, जेवणानंतर आरामखुर्चीत, झोपताना उशीला खेटून. पण नवऱ्यानं त्याचा वेग एवढा वाढवून ठेवला होता की तिच्या कानांना ती नुसती चिरचिर. आंधळी माणसं अशीच ऐकतात म्हणे. आपण पानावरून भरभर नजर फिरवतो तसे ते कान फिरवतात, शब्दाशब्दापाशी थांबायला त्यांना सवड नसते. सुरुवातीला तिनं कान देऊन पाहिलं होतं, मग नाद सोडला होता. घरात एक जास्तीचं माणूस राहतं, ते परक्या भाषेत बोलतं आणि आपल्या नवऱ्याला ती भाषा येते, एवढं मान्य करून ती मोकळी झाली होती. तर त्या दिवशी चहा गाळताना बाहेरच्या खोलीतली चिरचिर अडली. तोच तुकडा पुन्हा, पुन्हा तोच. मग नवऱ्यानं काय केलं कोण जाणे, आवाज हळू झाला, आणखी हळू झाला, आणि एका बाईनं तिच्या घरात, तिच्या नवऱ्याच्या मांडीवरून, स्वच्छ आणि जरा नाकातून सांगितलं की या फोनवर हे अॅप यापुढे चालणार नाही, कृपया नवीन सॉफ्टवेअर घ्या. चहा कपाबाहेर गेला. अॅप बंद पडल्याचं तिला काहीच नव्हतं. ती बाई आहे, हेच तिला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

नवरा मात्र त्या वाक्याशी झटत बसला. त्याचं सगळं जग त्या एका अॅपमध्ये होतं: आंधळ्या मित्रांचा ग्रुप, कॉलेजातले जुने विद्यार्थी, परगावी राहणाऱ्या लेकीचे निरोप. तो बोलायचा आणि फोन लिहून घ्यायचा, तिकडून आलेलं फोन वाचून दाखवायचा. नवीन सॉफ्टवेअर घ्या म्हणतेस तर दे की, असं पुटपुटत तो सेटिंगमध्ये शिरला, तर तिथं त्याच बाईनं त्याच नाकातून सांगितलं की तुमचा फोन अद्ययावत आहे. अॅपमध्ये गेलं की जुना, सेटिंगमध्ये गेलं की अद्ययावत. तो दोन दारांमध्ये येरझाऱ्या घालत राहिला. मग त्यानं कंपनीला फोन लावला, बराच वेळ कसलंसं संगीत ऐकलं, आणि अखेर लाभलेल्या माणसाला प्राध्यापकी आवाजात विचारलं की जुना झाला म्हणजे नेमकं काय झालं, बिघडला का? नाही सर, बिघडलेला नाही, या मॉडेलचा काळ संपलाय, कंपनी आता त्याला अपडेट देत नाही. इतिहास शिकवण्यात ज्याची हयात गेली त्याला कोणीतरी काळ संपल्याची बातमी देत होतं. बॅटरी टिकते, आवाज खणखणीत आहे, काचेला चरा नाही, आणि तुम्ही धडधाकट वस्तूकडे पाठ फिरवता, असं तो ओरडला. तिकडच्या माणसानं ऐकून घेतलं आणि आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारलं. ती दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. धडधाकट वस्तूकडे पाठ फिरवणं म्हणजे काय, हे त्या घरात तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

लग्न झालं तेव्हा त्याला दिसत होतं. अगदी तिचा चेहरा, तिचा लग्नातला निळा शालू, सगळं दिसलं होतं, आणि हे बरं की वाईट याचा निकाल तिला कधीच लावता आला नाही. मग पडदा कडेकडेनं काळा होत आत सरकत गेला आणि मुलगी चालायला लागली त्या सुमाराला संपूर्ण मिटला. लोक हळहळले. तिनं पदर खोचला आणि वाचायला घेतलं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी त्याची पुस्तकं, जाडजूड, न समजणारी, राजांच्या तहांची आणि करारांच्या कलमांची; एकही कलम तिच्या डोक्यात शिरलं नाही, पण आवाज लागला. कुठं श्वास घ्यायचा, कुठं त्याला विचार करायला जागा सोडायची, हे तिला न सांगता कळायला लागलं. तो पाय लांब करून डोळे मिटून बसायचा. आंधळ्या माणसानं डोळे मिटावेत याचं तिला आधी हसू यायचं, पुढं त्यातच एक सुख वाटायला लागलं. तिचा आवाज ऐकायला तो आणखी एक दार लावून घेतोय, असं काहीतरी. आणि वर्षातून दोनदा उत्तरपत्रिकांचे गठ्ठे यायचे. कॉलेजला ठाऊक होतं, कोणाची हरकत नव्हती. ती उत्तर वाचायची, तो मान हलवत ऐकायचा आणि गुण सांगायचा, ती तांबड्या पेन्सिलीनं समासात मांडायची.

तिथंच तिला आपल्या हातात काय आहे याचा पत्ता लागला. सुवाच्य अक्षरातलं सामान्य उत्तर तिनं ठसक्यात वाचलं की गुण वाढायचे. हुशार पोरानं घाईत खरडलेलं ती ठेचकाळत वाचायची आणि त्याचे गुण घसरायचे. हे आपोआप होत होतं, तोवर तिच्या माथी काही नव्हतं. मग एक वर्षी ती विद्यार्थिनी आली. उंच, बारीक, बोलताना मानेला झटका देणारी. सरांना शिष्यवृत्तीच्या परीक्षेआधी शंका विचारायला ती घरी यायची, आणि एकदा तिनं, सर, काकूंना त्रास कशाला, मी वाचून दाखवते, असं म्हणून पुस्तक हातात घेतलं. काय वाचलं तिनं. कलमं जिवंत झाली. नवऱ्यानं डोळे मिटले नाहीत, उलट ते निकामी डोळे उघडे ठेवून तो तिच्या दिशेला तोंड करून बसला होता. ती स्वतः स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेल्या पातेल्या पुन्हा धुतल्या. पुढं त्या मुलीची उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा नाव झाकलेलं होतं, पण मानेला झटका दिलेलं ते अक्षर ओळखायला नाव कशाला हवं? तिनं ती पत्रिका अशी वाचली की वाचणाऱ्याची कीव यावी. वाक्यं मधूनच तोडली, एक परिच्छेद गाळला, आणि एका जागी तिथं नसलेली ढोबळ चूक घातली, ती मात्र न अडखळता. नवऱ्यानं क्षणभर मान तिरकी केली. मग गुण सांगितले. पेन्सिलीनं तिनं ते मांडले, नेहमीपेक्षा ठळक. मुलगी पुन्हा घरी आली नाही. शिष्यवृत्ती हुकली आणि घरच्यांनी तिला कुठंतरी दुकानात बसवलं, असं कानावर आलं. हे ऐकून तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं कधीकधी वाटायचं, तेवढंच.

निवृत्तीच्या वेळी मुलीनं बापाला फोन आणून दिला. आठवडाभर बापलेक डोकं लावून बसले होते, बोट इथं, आता दोनदा दाब, आता खाली ओढ. आठवड्यानंतर नवरा स्वयंपाकघराच्या दारात आला, चौकटीला हात लावून उभा राहिला आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "तू आता सुटलीस." तिच्या हातात दुपारी वाचायचं पुस्तक होतं, आत खुणेला घातलेला कागद होता. त्याला वाटलं असेल आपण हिच्यावर उपकार करतोय. कदाचित वाटलंही नसेल. ते पुस्तक अर्ध्यावर राहिलं, आणि ज्या राजाचा तह होणार होता त्याचं पुढं काय झालं हे कळावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. मग चिरचिर सुरू झाली. नवरा एकटाच हसायला लागला. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या करताना तिला ते हसू ऐकू यायचं आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विचारलं तर तो म्हणायचा, काही नाही गं, आमच्या वकिलानं एक टाकलाय. हा वकील जन्मांध, ग्रुपचा म्होरक्या, आणि त्याच्या विनोदांना तिच्या घरात तिच्यापेक्षा जास्त मान होता.

म्हणून अॅप बंद पडलं त्या दिवशी कपाबाहेर गेलेला चहा पुसताना तिला गोड वाटलं, आणि घाणही. मुलगी फोनवरून म्हणत होती की बाबा, मी नवीन पाठवते, त्यात काय एवढं. पण नवऱ्यानं दुकानात जाऊन नवीन फोन हातात घेऊन पाहिले होते आणि ते सगळे गुळगुळीत निघाले होते. त्याच्या जुन्या फोनला तळाशी एक बटण होतं, खोलगट, खरंखुरं, दाबलं की टक वाजणारं. त्या नुसत्या काचेवर त्याचं बोट घसरलं, नको ते उघडलं, कोणा परक्याला फोन लागला, आणि दुकानातल्या पोरी हसल्या नाहीत तरी त्याला त्या हसल्यासारख्या वाटल्या. बटण म्हणजे उंबरा, तो मुलीला म्हणाला, उंबरा लागला की पुढचं घर मला पाठ असतं. उंबराच नाही तर मी आत शिरू कुठून? मग मुलीनंच तोड काढली. बाबांचं सिमकार्ड आईच्या फोनमध्ये घाला, त्यांचं खातं आईच्या फोनवर उघडा, आई वाचून दाखवेल, पूर्वी वाचायचीच की. जुना फोन नवऱ्याच्या खिशात होता आणि अंगठा कापडावरून बटण दाबत होता, टक, टक. शेवटी तो म्हणाला, "बरं. तूच वाच आता."

मुलीनं सांगितलं तसं ती एकेक करत गेली, आणि खात्याबरोबर मागच्या सगळ्या गप्पाही आल्या. त्या येणार हे मुलगी बोलली होती, पण नवऱ्याला ते कदाचित ऐकू गेलं नव्हतं, किंवा त्याला वाटलं असेल की ही कशाला उकरत बसतेय. ती उकरत बसली. दुपारी तो लवंडला की ती खुर्ची खिडकीपाशी ओढून एकेक वर्ष मागं जायची. इतकी वर्षं जी चिरचिर होती तिचे शब्द आता तिच्या डोळ्यांसमोर होते. राजकारण, दुखणी, चावट विनोद, एकमेकांच्या पांढऱ्या काठ्यांची थट्टा; आणि मधूनमधून, जुन्या साडीत टाचणी राहून जावी तसं, एक नाव. आधीचा आवाज. पहिल्यांदा ते कोणाबद्दल आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. आधीचा आवाज आज भांडी आपटतोय. आधीच्या आवाजानं अख्खा मध्ययुगीन इतिहास झोपेत वाचला, बाबांनो, मी कसा तरलो मलाच ठाऊक. कोणीतरी विचारलं होतं की वहिनी कशा आहेत, त्यावर नवऱ्याचं उत्तर होतं की चालू आहे, पण त्या मॉडेलला आता अपडेट येत नाहीत. खाली सगळ्या आंधळ्यांनी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावली होती. ती रांग तिनं बोटानं वर ढकलली, पुन्हा खाली आणली, पुन्हा वर ढकलली. आतल्या खोलीत तो घोरत होता.

त्याला तिनं काही विचारलं नाही, जाब तर नाहीच. संध्याकाळी चहा झाल्यावर ती समोर बसायची, तो पाय लांब करायचा, डोळे मिटायचा, आणि ती वाचायची. पहिले काही दिवस तिनं खरं ते वाचलं. तेही अवघड गेलं, कारण आवाज गंजला होता. अक्षर बारीक, चष्मा जुना, आणि तो मधूनच भुवई उडवायचा. मग वकिलाचा निरोप आला. अरे, एका दुकानात बटण असलेलं मॉडेल सापडलंय, नवीन, छोटं, अपडेट येणारं, मी एक तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगतो, शिकवायलाही मीच येतो, फक्त हो म्हण. तिनं तो मनात वाचला. समोर तो मिटल्या डोळ्यांनी वाट बघत होता. दोन शब्द. हो म्हणतोय एवढं टाइप केलं की संपलं: पुन्हा चिरचिर, पुन्हा ते एकट्याचं हसू, पुन्हा ती सुटलेली. आपल्याला काय हवंय हे तिला त्या क्षणी लखलखीत कळलं. तिला तो हवा होता तो असाच, समोर, मिटलेला, तिच्या तोंडाकडे कान लावून बसलेला, आणि त्यासाठी त्याच्याजवळ दुसरं काहीही असता कामा नये. "वकील विचारतायत, तब्येत कशी आहे," ती म्हणाली. आणि त्याच्या नावानं लिहून टाकलं की नको, आता सवय झाली आहे, आभारी आहे.

पुढं सोपं होतं. वकिलाचा फोन आला की ते झोपलेत. दुसऱ्या कोणाचा आला की ते फिरायला गेलेत. ग्रुपवरच्या विनोदांना ती त्याच्या नावानं कोरडी उत्तरं द्यायची, एखाद्याला टोचून बोलायची, एकाच्या आंधळेपणाबद्दल असं काही लिहिलं की बाकीच्यांनी दिवसभर तोंड उघडलं नाही. नवऱ्याला मात्र ती रोज भरल्या ताटासारखं वाचून दाखवायची, पण सगळं मनचं. अमक्याला मूळव्याध, तमक्याच्या मुलानं घर विकलं, वकील केस हरला. हळूहळू तिनं त्यांना रडके, चिडके, कंटाळवाणे करून टाकलं. तो ऐकायचा आणि म्हणायचा, हल्ली सगळे असे का झालेत? वय, ती म्हणायची. अशी सफाई तिच्या वाचण्यात कधी आली नव्हती. कुठं श्वास घ्यायचा, कुठं जागा सोडायची, सगळं परत आलं. तिची भूक वाढली, झोप गाढ झाली. आरशासमोर केस विंचरताना ती स्वतःशी गुणगुणली आणि दचकून थांबली.

आणि मग तिनं ग्रुपमधल्या संगीत शिक्षकांना मारलं. नवऱ्याचा सगळ्यात जवळचा तो, शाळेपासूनचा, याचे डोळे गेले तेव्हा ज्यानं याला घर-रस्ता-जिना पुन्हा शिकवला तो. त्या संध्याकाळी नवरा सहज म्हणाला होता की बाकी कोणी राहो न राहो, तो आहे तोवर मला काय. बस, एवढंच. तिनं पुढचं वाक्य उचललं आणि त्याच सुरात वाचलं की कळविण्यास अत्यंत दुःख होते. नवऱ्यानं डोळे उघडले. काही न दिसणारे ते डोळे त्यानं छताकडे लावले आणि ते भरून आले, तेव्हा ते अजून या कामाला येतात याचं तिला नवल वाटलं. त्यांच्या घरी फोन लाव, तो म्हणाला. बंद आहे, त्यांची बायको भावाकडे गेली म्हणे. मग लिहून घे, तो म्हणाला, आणि त्यानं थांबत थांबत एक निरोप सांगितला, जिन्याच्या पायऱ्यांबद्दलचा, एका जुन्या पेटीबद्दलचा. ती फोनच्या बंद काचेवर नखानं टकटक करत राहिली. लिहिलं, ती म्हणाली. तो जेवला नाही. अंथरुणावर पाठ करून पडल्यावर त्यानं हात मागं केला आणि तिचा हात शोधला, जे त्यानं चिरचिर सुरू झाल्यापासून कधी केलं नव्हतं. तिनं हात दिला. इतकं सुख तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीही झालं नव्हतं.

दाढदुखी सुरू झाली नसती तर असंच किती चाललं असतं कोण जाणे. गाल टम्म सुजला आणि तिला दाताच्या डॉक्टरकडे जावंच लागलं, तेही त्याला एकटं ठेवून, कारण त्या डॉक्टरचा जिना उभा होता. फोन तिनं बरोबर नेला. डॉक्टरनं सुई टोचली, अर्धं तोंड लाकडाचं झालं, खरवडणं, पाण्याचा फवारा, डोळ्यांवर दिवा. परत आली तेव्हा ओठ कुठं संपतो ते कळत नव्हतं आणि डोक्यात धुकं होतं. दार उघडलं आणि काहीतरी खटकलं. आंधळ्याच्या घरात खुर्ची सरकत नाही. प्रत्येक खुर्चीची जागा ठरलेली असते, तसूभर इकडेतिकडे झाली तर गुडघा फुटतो, आणि त्या घरात इतक्या वर्षांत ती झाली नव्हती. आज तिची खुर्ची, वाचायला बसायची, वीतभर नवऱ्याच्या खुर्चीकडे सरकलेली होती. कोणी आलं होतं का, तिनं जड जिभेनं विचारलं. मीटर बघायला आला होता, तो म्हणाला, त्याला दम लागला होता, बसला दोन मिनिटं. तिनं खुर्ची जागेवर नेली. एरवी तिनं मीटरच्या माणसाची कुंडली काढली असती, पण दाढेत ठोके पडत होते आणि तिला फक्त आडवं व्हायचं होतं.

तेवढ्यात फोन वाजला, निरोपाचा. बघ गं, बँकेचं असेल, नवरा म्हणाला. आकडे होते, ओळीनं सहा, आणि खाली लिहिलं होतं की हा कोड कोणालाही सांगू नका. तिनं तेही वाचून दाखवलं. नवऱ्याला सांगायला हरकत नसावी, तो म्हणाला आणि हसला, ती सुन्न गालानं अर्धवट हसली आणि तिनं एकेक आकडा सुटा करून, स्पष्ट, अडखळत वाचला. इतके दिवस अक्षरांतलं काहीच खरं न वाचणाऱ्या बाईनं आकडे तेवढे अगदी खरे वाचले. आकड्यांत काय खोटं घालायचं, हे तिला सुचलंच नाही. तो उठला, आतल्या खोलीत गेला, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. ती गालाखाली उशी घेऊन पडली. झोप लागता लागता तिला आतून टक असं ऐकू आलं, पण ते जुन्या बटणाचं टक नव्हतं, जरा वेगळं, नवं, आणि तिला वाटलं की दुखण्यावरच्या गोळीमुळे भास होतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा झाला. गाल उतरला होता. तो पाय लांब करून बसला, खांद्यावर पंचा टाकून, मान भिंतीकडच्या बाजूला कलती. ती समोर बसली, चष्मा लावला आणि त्याचं खातं उघडलं. आत काहीच नव्हतं. ना ग्रुप, ना मुलगी, ना वकील. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ होती की हा नंबर आता दुसऱ्या फोनवर सुरू करण्यात आला आहे. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. वीतभर सरकलेली खुर्ची, सहा आकडे, आतली कडी, नवं टक, सगळं एकामागून एक येऊन तिच्यासमोर बसलं. तिनं मान वर केली. नवऱ्याचे डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता, आणि भिंतीकडच्या कानात, पंचाच्या आडोशाला, काहीतरी बारीक पांढरं होतं. त्या कानातून अगदी पुसट, डास गुणगुणावा तशी, चिरचिर येत होती.

"वाच," तो म्हणाला. मग त्यानं तब्येत विचारावी तसं विचारलं, "आज कोण गेलं?"

तिला वाटलं तो आता ओरडेल, काठी आपटेल, मुलीला सांगेल, घराबाहेर काढेल. ते सगळं तिला चाललं असतं. पण तो काहीच करत नव्हता. तो ऐकायला बसला होता.

"तुम्हाला कळलं," ती म्हणाली. "वकील आले होते."

"ते काल आले, फोन घेऊन, ग्रुपवरची उत्तरं माझी वाटेनात म्हणून. त्याच्या आधीचं म्हणशील तर तू खरं वाचताना अडखळतेस. मनचं असलं की घसरगुंडीवरून जातेस. पेपर तपासताना पण तसंच."

"मग त्या मुलीचा..." ती म्हणाली.

"हुशार होती," तो म्हणाला. "माझ्या चुका काढायची."

म्हणजे तिच्या एकटीचं असं त्यात काहीच नव्हतं. ती तांबडी पेन्सिलसुद्धा नव्हती. तिनं जे आयुष्यभर आपलं म्हणून पोटाशी धरलं होतं, तो एकमेव हिशोब, त्यात तो बसलेला होता आधीपासून, पाय लांब करून. तिला विचारावंसं वाटलं की मग शिक्षकांच्या वेळी तुम्ही रडलात ते काय, आणि तो हात मागं आला तो काय. आणि तिच्या लक्षात आलं की त्याचं कोणतंही उत्तर आलं तरी ते खरं की मनचं हे तिला कळणार नाही, कारण तो कधीच अडखळत नाही. चिरचिर मध्ये थांबली आणि तो एकटाच हसला, पूर्वीसारखा. वकिलानं एक टाकला असणार, आणि कोणाबद्दल टाकला असणार हेही तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. उठावं, आत जावं, पातेल्या घासाव्यात असं वाटलं. पण उठून जायचं कुठं? खुर्ची तिची होती, जागेवर होती, आणि समोर तो मिटल्या डोळ्यांनी, एक कान तिच्याकडे करून वाट बघत होता. हेच तर तिनं मागितलं होतं.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "अख्खा ग्रुप ऐकतोय."

तिनं कोऱ्या पडद्याकडे पाहिलं, चष्मा सारखा केला आणि सुरुवात केली. कळविण्यास अत्यंत दुःख होते, ती म्हणाली, आणि कोणाचं तरी नाव घेतलं, मग त्याच्या दुखण्याबद्दल सांगितलं, मुलाबद्दल, विकलेल्या घराबद्दल. आवाज सुरेख लागला होता. ती कुठंही अडखळली नाही.

"जरा वेगानं," तो म्हणाला.

तिनं वेग वाढवला. त्यानं बोट हवेत वर सरकवलं, जसं तो फोनवर सरकवायचा. तिनं आणखी वाढवला. श्वास घ्यायची जागा गेली, सोडलेल्या जागा गेल्या, शब्दाला शब्द चिकटत गेले, आणि थोड्या वेळानं आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच कळेनासं झालं. तो मान हलवत ऐकत होता. त्याला सगळं कळत होतं.